पावसात किनाऱ्याचा रस्ता: आधी भरतीची वेळ, मग ठिकाणं

पावसाळी हवेत समुद्रकाठच्या रस्त्याने फिरायचं तर ठिकाणांची यादी करण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता पाहा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढचे एक-दोन दिवस उधाण असतं. वादळी हवेत पाणी तक्त्यातल्या आकड्याच्याही वर चढतं: हवेचा दाब एक मिलिबारने उतरला की पातळी जवळपास एक सेंटिमीटर वाढते, आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा त्यात भर घालतो.

खाडीलगतच्या सखल रस्त्यांवर हे सगळ्यात आधी जाणवतं. डोंगरातून आलेल्या पाण्याला भरतीमुळे समुद्रात उतरायला वाट मिळत नाही, ते मागे तुंबतं. ओहोटी लागली आणि पावसाचा जोर कमी झाला की बऱ्याचदा दोन-तीन तासांत रस्ता उघडा पडतो. तेवढं थांबाच. ३० सेंटिमीटर वाहत्या पाण्यातही लहान गाडीची पकड सुटू शकते, आणि गढूळ पाण्याखाली रस्ता खचला असेल तर वरून कळत नाही. उथळ पाण्यातून बाहेर पडल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवून घ्या.

पाहायचं काय? लांबवरच्या देखाव्यांचे पॉइंट ढग खाली आले असतील तर सरळ सोडून द्या. लहान धबधबे मात्र मोठी सर ओसरल्याबरोबर गाठा, त्यांचा जोर फार टिकत नाही. खडकांच्या फटींतून उडणारे लाटांचे फवारे बहुधा भरतीच्या आसपास रंगतात. तेही वरून, कठड्यामागूनच बघा. मोठ्या लाटा गटागटाने येतात. दहा मिनिटं कोरडा दिसलेला कातळ पुढच्या गटात धुऊन निघू शकतो. शेवाळलेल्या काळ्या पट्ट्यावर तर बूट कितीही चांगले असोत, पाय ठेवू नका.

इंद्रधनुष्याचा हिशोब अगदी सोपा आहे. सूर्य पाठीशी आणि क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली हवा. म्हणून समुद्र पश्चिमेला असेल तर सकाळी ते पाण्यावर दिसतं, संध्याकाळी डोंगरावर. हे ठाऊक असलं की सर सरताना गाडी कुठे लावायची ते आधीच ठरवता येतं. फक्त ती कापलेल्या डोंगराच्या कडेला नको: रस्त्यावर ताजे खडे किंवा अचानक गढूळ झालेला ओहोळ दिसला तर दरडीची शक्यता धरून तिथून निघा.

काचेवर खारा थर बसला की कोरडा वायपर तो फक्त फासतो. आधी गोड्या पाण्याने काच धुवा. आतून वाफ धरली तर एसी चालू ठेवून बाहेरची हवा आत घ्या. आतलीच हवा फिरत राहिली तर श्वासातला ओलावा आतच कोंडतो. टायरच्या खाचा ३ मिलिमीटरपेक्षा उथळ असतील तर साचलेल्या पाण्यावर चाक तरंगण्याचा धोका वाढतो. स्टिअरिंग अचानक हलकं लागलं, तर ब्रेक न मारता अॅक्सिलरेटर सोडा आणि चाकं सरळ धरा.

कॅमेरा एसीतून काढून लगेच दमट हवेत उघडू नका, लेन्सवर धुकं धरतं. थांब्याच्या वीसेक मिनिटं आधी एसी कमी करा आणि बॅग बंदच राहू द्या.