ओहोटीला पाणी आत ओढतं

सिंगापूरला बोर्डांच्या वर्कशॉपात होतो तेव्हा मेट्रोतली दंडाची पाटी पाहून खूप हसलो होतो. धूम्रपान १,००० डॉलर, खाणंपिणं ५००, ज्वालाग्राही वस्तू ५,०००. आणि त्याच रांगेत लाल वर्तुळात काट मारलेलं काटेरी फळ, ड्यूरियन. त्यापुढे दंडाचा आकडाच नाही! पुढे बाजारात त्या फळाचा वास नाकात गेला आणि समजलं. मनाई का आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता दापोली तालुक्यात पेंटरचं काम करतो. गेल्या महिन्यात किनाऱ्यावरच्या बोर्डाचं काम आलं. मजकूर मंजूर होऊन आलेला : ‘समुद्रात पोहण्यास सक्त मनाई आहे. नियमांचे उल्लंघन करणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई करण्यात येईल. आदेशावरून.’ पत्रा ४ बाय ३ फूट. एवढं सगळं बसवायचं तर अक्षर दोन इंचांवर येतं. आमच्या धंद्यातला साधा हिशेब : एक इंचाचं अक्षर दहा फुटांवरून नीट वाचता येतं. म्हणजे हा बोर्ड वीस फुटांवरून. तो लावायचा सुरूच्या बनाजवळ, माणसं गाडीतून उतरतात ती थेट पाण्याकडे.

पत्र्यावर मी मेहनत घेतली. जस्ताच्या पत्र्यावर नुसता रेड ऑक्साइड धरत नाही, पापुद्रे निघतात. आधी एच (etch) प्रायमर लागतो, म्हणजे जस्ताला पकडून बसणारा पहिला हात. गंज स्क्रूच्या भोकांतून आणि कापलेल्या कडांवरून सुरू होतो, म्हणून तिथे दोन हात जास्त दिले. फ्लेक्स लावणाऱ्यांना ही कटकट नको असते, आणि त्यांचा बोर्ड पहिल्याच पावसाळ्यात फाटतो.

खडूची दोरी मारून शिरोरेषा आखत होतो, तेव्हा हर्णैचे एक जुने नाखवा दुकानात आले. मजकूर वाचून म्हणाले, “रविवारी सगळा गाव पाण्यात असतो, मनाई कुणाला खरी वाटणार? पाणी काय करतं ते लिही की रे.”

मी लिहिलं. सहा इंची अक्षरांत : ‘ओहोटीला पाणी आत ओढतं.’ खाली लहान अक्षरात : ‘ओढीत सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहा.’ शेजारी चित्र, बुडणारा माणूस आणि समुद्राकडे वळलेला बाण. मंजूर मजकूर तळाला एका ओळीत.

बोर्ड लावायला गेलो तेव्हा ओहोटी चालू होती. कोल्हापूरकडचं एक कुटुंब, पोरं कमरेएवढ्या पाण्यात. वडील बोर्डाशी येऊन थांबले. जुना बोर्ड अजून शेजारीच उभा होता, त्याच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

“दादा, आत्ता ओहोटी आहे का?”

“हो.”

त्यांनी धावत जाऊन पोरांना बाहेर काढलं. ती रडत होती, आई कावरीबावरी. मी हातात पान्हा धरून उभा.

इतकी वर्षं हा प्रश्न त्या किनाऱ्यावर मला कुणीही विचारला नव्हता. आपण मनाई लिहीत राहिलो आणि समुद्राबद्दल एक अक्षर सांगितलं नाही, याचा मला मनापासून राग येतो.

चार दिवसांनी कार्यालयातून फोन आला. मजकूर मंजुरीप्रमाणे नाही, बिल निघणार नाही, बदलून द्या. मी भांडलो. समोरचा माणूस वाईट नव्हता, “फाइलवर जे आहे तेच लागतं हो,” एवढंच म्हणत राहिला.

बुधवारी बोर्ड उतरवून आणलाय. दुकानात भिंतीला टेकवून ठेवलाय. पांढऱ्या रंगाचा डबा उघडलेला नाही.