तुम्ही विचारलंत म्हणून: नवीन मंडळी कशाला काढली आणि व्हिजन काय

एकदाचं लिहूनच टाकतो. लग्नात, नाताळच्या फराळाला, कुणाच्या घरच्या उपकारस्तुतीच्या प्रार्थनेला, जाईन तिथे हेच. "बापजाद्यांची मंडळी, म्हणजे आपलं चर्च, सोडून वेगळी चूल कशाला मांडलीत?" आणि त्याला उत्तर द्यायच्या आत दुसरं, "बरं, मांडलीत तर मांडलीत, मिशन काय तुमचं? व्हिजन काय?" पहिला प्रश्न नगरकडच्या नातेवाइकांचा. दुसरा जास्त करून ह्यूस्टनच्या भाच्याचा, त्याने तर पीपीटीच पाठवली, पहिल्या स्लाइडवर डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि खाली २०३० पर्यंत किती मंडळ्या आणि किती आत्मे त्याचा तक्ता. आत्म्यांचा आकडा वाचून बायको म्हणाली, जनगणनेला निघालाय का हा?

आधी जे नाही ते सांगतो, कारण लोकांनी ते ठरवूनच टाकलेलं असतं. मंडळीतलं इलेक्शन हरलो म्हणून बाहेर पडलो नाही, मी कधी उभाच राहिलो नव्हतो. पाळकसाहेबांशी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंशी, भांडण नव्हतं, आजही भेटले की जय ख्रिस्त म्हणतो आणि तेही म्हणतात. मिळकतीची कोर्टकचेरी नव्हती, ती आमच्याकडे इतर ठिकाणी भरपूर चालू आहे, आपण सगळे जाणतोच. आणि बाहेरचा पैसा, हा प्रश्न आपले लोक कुजबुजत विचारतात आणि सोसायटीतले लोक मोठ्याने, तर त्याचं उत्तर असं की एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी आमच्याकडे नाही, त्यामुळे परदेशी पैसा घेताच येत नाही. भाचा अमेरिकेचा नागरिक झाला तेव्हापासून कायद्याने तोसुद्धा परदेशीच, भारतीय पासपोर्ट होता तोवर चाललं असतं. म्हणजे पीपीटी घेऊ शकतो, पैसे नाही. हे त्याला समजावताना माझा एक अख्खा रविवार गेला.

चिंचवडला एका क्लासेसचा हॉल आम्ही रविवारी दुपारी चारला भाड्याने घेतो. सकाळी तिथे नीटची पोरं असतात. फळ्यावर बेंझिनची कडी तशीच असते, पुसायची नाही असं मालकांनी बजावलंय, तिच्याखाली उभं राहून उपदेश होतो. बिबवेवाडीच्या सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, शिकलेला एक तरुण येतो, तो नसेल तेव्हा आमच्यातलंच कुणीतरी वचन वाचतं आणि जमेल तसं बोलतं. पेटी आहे, तबला आहे, झांजा आहेत. कीबोर्ड हवा म्हणून तरुण पोरं हटून बसलीत, ते भांडण चालू आहे, त्यात मी पेटीच्या बाजूने आहे, त्यावर चर्चा नको.

आता मूळ गोष्ट. ज्यांना माहीत आहे त्यांनाही अर्धीच माहीत आहे.

आमच्या जुन्या मंडळीत एक रिक्षावाले भाऊ यायचे. नाव लिहीत नाही, घरच्यांना नको आहे. दर रविवारी म्हाताऱ्या बायांना घरून आणायचे आणि परत सोडायचे, मीटर टाकायचा नाही. मागच्या बाकावर बसायचे, गाणी तोंडपाठ, प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे बाप्तिस्मा झालेले भाकर आणि प्याला घेतात तेव्हा, मात्र उठून बाहेर जाऊन रिक्षा पुसायचे. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी, घेतला नव्हता. का नव्हता ते आपल्या लोकांना समजावून सांगायला नको. मुलाचं ॲडमिशन, जातीचा दाखला, १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. हिंदू असाल तर अनुसूचित जात, १९५६ नंतर शीख असाल तरी, १९९० नंतर बौद्ध असाल तरी, ख्रिस्ती झालात की नाही. रजिस्टरात सही केली की पोराचा दाखला गेला, इतका सरळ हिशोब. भाऊ म्हणायचे, पोरगं एकदा मार्गाला लागू दे, मग मी नदीत उतरतो.

पोरगं मार्गाला लागायच्या आधीच ते गेले. शुक्रवारी रात्री, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

वहिनींनी रात्रीच सांगितलं, त्यांना पुरायचं आहे, ते तसं सांगून गेलेत. शनिवारी सकाळी मी आणि अजून दोघंतिघं मंडळीच्या ऑफिसात गेलो, दफनभूमीसाठी पत्र हवं म्हणून. पंच जमले. मला तुम्ही विचारता तेव्हा तुम्हाला वाटत असतं की मी आता त्या लोकांना शिव्या घालणार. नाही घालत. ते वाईट वागले नाहीत. चहा दिला. एक वडीलधारे पंच तर रडत होते, त्यांच्या आईला भाऊंनीच कित्येक वर्षं चर्चला आणलं होतं. पण बाप्तिस्म्याचं रजिस्टर टेबलावर होतं, सभासदांची यादी होती, आणि नाव दोन्हीत नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, "पत्र कशाच्या आधारावर देऊ? दफनभूमी आपल्या एकट्याची नाही, चार मंडळ्यांची मिळून कमिटी आहे, जागा संपत आलीय, सभासदांनाच जुन्या कबरी उघडून द्यायची वेळ आलीय." हेही खरंच होतं. मग दुसरे म्हणाले, आणि हे मला जास्त लागलं कारण त्याला माझ्याकडे काही उत्तर नव्हतं, "उद्या गावाकडचे भाऊबंद पोलिसात गेले की आमच्या माणसाला मेल्यावर ख्रिस्ती केलं, तर कोण उभं राहणार? तू राहशील?"

मी राहीन म्हणालो. रागात माणूस म्हणतोच.

तिकडे घरी बर्फ वितळत होता. बर्फवाला दुसऱ्यांदा येऊन गेला होता. शेजारच्या बाया नळाजवळ बसून होत्या, पोरगा खाली गेटपाशी उभा, येणाऱ्या जाणाऱ्याला मजला सांगत होता. वहिनींनी मला एकच विचारलं, "शवपेटीवाल्याचा सारखा फोन येतोय. त्याला काय सांगू? करू का नको?" तुम्ही रविवारी त्यांना भाऊ म्हणत होतात, आता कुठे गेलं ते, असलं काहीही त्या बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पेटी करायची का नाही एवढंच. आणि मी गॅलरीत जाऊन पुन्हा एकदा सेक्रेटरींना फोन लावला, पुन्हा तेच ऐकलं, आत येऊन म्हणालो, नको सांगा.

दुपारी गावाहून त्यांचे थोरले बंधू आले, माळकरी माणूस. त्यांनी कसलाही गोंधळ घातला नाही, ज्याची सकाळी एवढी भीती घातली होती ते काहीच झालं नाही. पालिकेचा पास काढला, स्मशानभूमीत नेलं, पोराने अग्नी दिला. आम्ही मंडळीतले काही जण बाजूला उभे होतो, कुणीतरी हळूच आमच्या ख्रिस्ती कवी टिळकांचा अभंग सुरू केला, मग सगळेच म्हणायला लागले. थोरल्या बंधूंनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "तुकोबांचा का?" म्हटलं नाही, नारायण वामन टिळकांचा. "बरंय," म्हणाले आणि लाकडांचे पैसे द्यायला खिडकीकडे गेले.

एवढंच झालं. यात कुणी कुणाचा छळ केला नाही, कुठे बातमी आली नाही. पण त्या रविवारी मला बाकावर बसवेना. आणखी काही घरांचं तेच झालं होतं, म्हाताऱ्या बायांचं तर झालंच होतं, त्यांना आणणारं कुणी उरलं नव्हतं. आधी आम्ही त्यांच्यापैकी एकीच्याच घरी जमायला लागलो. ही आमची स्थापना. यात सूर्य कुठे उगवतो ते भाच्याने दाखवावं.

त्या दिवसांत मी एक कागद लिहिला होता. तोच काही जणांनी आमचं व्हिजन म्हणून पुढे पाठवला, म्हणून त्याबद्दल बोलणं भाग आहे. आमच्यात सभासद नसतील, रजिस्टर नसेल, वर्गणी नसेल, बाप्तिस्मा झालेला आणि न झालेला असा भेद नसेल, असं बरंच काही होतं. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नव्हतं. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला तो हाच विचार घेऊन, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे सगळे शिष्य एकत्र, विलायती साच्याबाहेरची भारतीय मंडळी. म्हणजे मी शंभर वर्षं उशिरा काढलेली झेरॉक्स. आणि जुने लोक मला लगेच ऐकवतात की टिळक १९१९ ला गेले आणि दरबारही त्यांच्यामागे फार टिकला नाही. मग मी चिडतो. टिकणं हीच कसोटी असेल तर सगळ्यात टिकाऊ आमच्याकडे कमिट्याच आहेत.

पण त्या कागदाशी आज माझंच जमत नाही. रजिस्टर नसेल म्हणे. हॉलचं भाडं कुणाच्या नावाने भरायचं, बँकेत खातं कुणाचं, म्हणून ट्रस्ट करावा लागला. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी म्हणजे विश्वस्तांची नावं, घटना, दरवर्षी हिशोब, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट. डीडमध्ये 'उद्दिष्टे' लिहावी लागतात, म्हणजे सरकारलाही व्हिजन हवंच. वकिलाकडे तयार मसुदा होता, त्यात वाचनालय, वृद्धाश्रम, नेत्रतपासणी शिबिर सगळं होतं, आम्ही वाचनालय काढा म्हटलं तर ते म्हणाले राहू द्या, पुढे अडचण नको. तेव्हा अधिकृतपणे विचाराल तर नेत्रतपासणी हे आमचं उद्दिष्ट आहे.

लग्नाचंही तेच. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लग्न लावायला अधिकार लागतो, आमच्या सेमिनरीवाल्या पोराकडे लायसन नाही. आमच्यातल्या एका मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही गेलो कुठे? जुन्या मंडळीतच. पाळकसाहेबांनी लावूनही दिलं, एक शब्द न बोलता. माझा जुना कागद त्या दिवशी माझ्या खिशात असता तर मी तो तिथेच फाडला असता. पण मग भाऊंचं आठवतं आणि वाटतं, नाही, त्यातली एक ओळ तरी बरोबर होती. कुठली ते मात्र दर महिन्याला बदलतं.

प्रभुभोजनावरून तर आमच्यातच फूट पडली. भाकर आणि प्याला सगळ्यांसमोर जायचा, ज्याला घ्यायचं त्याने घ्यायचं, रिक्षा पुसायला कुणी बाहेर जायचं नाही असं मी धरून बसलो. सेमिनरीवाला म्हणतो, मग बाप्तिस्म्याला अर्थ काय उरला? ज्यांनी दाखला, नोकरी, भावकी सगळं गमावून तो घेतला त्यांनी मूर्खपणा केला का? आमच्यातल्या एका आजोबांनी तसंच केलं होतं, ते हे ऐकून उठून गेले ते पुन्हा आले नाहीत. त्यांच्या घरी मी जाऊन आलो. त्यांना मी काही पटवू शकलो नाही आणि खरं सांगायचं तर त्यांचं मला बरंचसं पटलं. प्याला अजून सगळ्यांसमोर जातो.

आणि हो, एकीचं. नगरचे काका दर वेळी हे काढतात. १९२९ पासून बोलणी करून करून १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र आल्या, सीएनआय म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, आमच्या लोकांनी मिशनच्या जुन्या ओळखी सोडून ती एकी केली, आणि तुम्ही चार घरं घेऊन बाहेर पडता. काका, मान्य. मला त्याचं वाईट वाटतं. पण एकी झाली ती सभासदांची, भाऊ त्या हिशोबात आधीही नव्हते आणि नंतरही नाहीत, मग मी कुठल्या एकीतून बाहेर पडलो तेवढं सांगा. (काका यावर म्हणतात, तू लहानपणापासून असाच वाद घालतोस.)

सोसायटीतले विचारतात, धर्मांतर करता का. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी काहींनी कागदावर कधीच काही बदललेलं नाही आणि ते बदला असं आम्ही कुणाला म्हणत नाही, म्हणून त्यांना आम्ही संशयास्पद वाटतो आणि नेमक्या त्याच कारणाने आपल्या लोकांना आम्ही कच्चे वाटतो. दोघांनी एकदा एकत्र बसून ठरवावं.

भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, मामा, हे व्हिजन नाही, हे प्रॉब्लेम स्टेटमेंट आहे. असेल. तर सध्या तेच आहे.

कारण ज्याच्यावरून हे सुरू झालं ते जिथल्या तिथे आहे. दफनभूमीच्या कमिटीला आम्ही अर्ज दिला, आमच्या ट्रस्टच्या पत्रावर दफन होऊ द्या म्हणून. त्यांचं म्हणणं, तुमच्या सभासदांची यादी आणि बाप्तिस्म्याचे दाखले जोडा. पालिकेकडे वेगळी जागा मागितली, त्याला आवक नंबर मिळाला. म्हणजे भाऊ आज गेले असते तर आजही पेटीवाल्याला नकोच सांगावं लागलं असतं.

आमच्यात एक आजी आहेत, बाप्तिस्मा नाही, नातवाचा दाखला प्रोसेसमध्ये आहे. त्यांनी मुलाला सांगून ठेवलंय, मला जाळू नका. मुलगा परवा सभा संपल्यावर खुर्च्या उचलता उचलता विचारत होता, तसं झालं तर पत्र कोण देणार. म्हटलं बघतो. जुन्या मंडळीच्या सेक्रेटरींनाच फोन करणार आहे, दुसऱ्या कुणाला करणार.