ट्रॅव्हल ट्रेलरचे कमानपाटे बदलताना

अमेरिकेत पिकअपला जोडून आम्ही फिरवतो त्या दुहेरी अॅक्सलच्या ट्रॅव्हल ट्रेलरचे (चाकांवरच्या फिरत्या घराचे) कमानपाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, यंदा घरीच बदलले. जुन्या पाट्यांची कमान बसून ते जवळजवळ सपाट झाले होते आणि एका बाजूला टायर व मडगार्ड यांत जेमतेम दोन बोटांचे अंतर उरले होते.

नवे पाटे घेताना दोन्ही डोळ्यांच्या (पाट्याच्या टोकांना बोल्टसाठी वळवलेल्या गोल भोकांच्या) मध्यांमधले अंतर, पट्टीची रुंदी आणि भारक्षमता जुळवावी लागते. 3,500 पौंडांच्या अॅक्सलला प्रत्येक बाजूस 1,750 पौंडांचा पाटा लागतो. जास्त क्षमतेचे पाटे घालण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण अॅक्सल, टायर आणि चासी तीच असल्यामुळे ट्रेलरमध्ये एक किलोही जास्त भरता येत नाही, उलट पाटे जास्त कडक असल्याने धक्के बसून आतली कपाटे मात्र खिळखिळी होतात. (आपल्याकडच्या पाटेवाल्याने तुटलेली तेवढीच पट्टी बदलून दिली असती, इथे अख्खा संच बदलतात.)

ट्रेलर पिकअपला जोडलेलाच ठेवून, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पाचरी लावून जॅक चासीखाली लावावा. अॅक्सलच्या मधोमध जॅक लावून ट्रेलर उचलल्यास अॅक्सलची नळी वाकण्याचा धोका असतो. चासी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकली, की पाटा अॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट सोडण्याआधी अॅक्सलला खालून नुसता आधार द्यावा, म्हणजे ब्रेकच्या वायरींवर ताण येत नाही.

खरी झीज दिसली ती डोळ्यांतले बोल्ट काढल्यावर. डोळ्यांत बसवलेल्या नायलॉनच्या बुशांचा (अस्तर-नळ्यांचा) काही ठिकाणी कागदाएवढा पापुद्रा राहिला होता, तर काही ठिकाणी तोही नव्हता आणि बोल्ट थेट लोखंडावर घासून त्याला खाच पडली होती. त्यामुळे नुसते पाटे बदलून भागत नाही, असे माझे ठाम मत आहे; त्याच वेळी ब्राँझचे बुश, ग्रीस भरता येणारे बोल्ट आणि जाड शॅकलपट्ट्या (पाट्याचे टोक जोडणाऱ्या झुलत्या पट्ट्या) घालाव्यात. या बोल्टच्या मानेला दाते असतात, म्हणून तो ठोकून बसवावा आणि फिरवावा फक्त नट, नाहीतर हँगरचे (पाटा जोडायच्या चासीवरच्या कंसाचे) भोक मोठे होते. ग्रीसचे छिद्र बाजूला राहील असे बसवावे, कारण वर किंवा खाली आल्यास भारामुळे ते दाबले जाऊन ग्रीस पुढे सरकत नाही.

पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके अॅक्सलवरच्या बैठकीच्या भोकात नीट बसल्याची खात्री करूनच यू-बोल्ट आवळावेत, आणि तेही नवे, कारण एकदा ताणलेले पुन्हा वापरू नयेत. अर्ध्या इंची यू-बोल्टला साधारण 45 ते 70 फूट-पौंड टॉर्क लागतो. तो टप्प्याटप्प्याने, तिरक्या क्रमाने द्यावा. शॅकलचे नट मात्र पट्ट्या मोकळ्या हलतील इतपतच आवळावेत. चाकांचे नट पहिल्या 10, 25 आणि 50 मैलांवर टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत आणि त्याच थांब्यांवर यू-बोल्टांवरूनही एकदा पाना फिरवावा.