पहिली गिअरची गाडी, चार वेळा आडवी

मोटरसायकल घेऊन तिसराच दिवस. सोसायटीच्या फाटकातून आत वळताना वॉचमनकाकांनी हात दाखवला म्हणून थांबले, डावा पाय टेकवायला गेले आणि नेमका तिथेच उतार. पाय टेकला तो दोन इंच खाली. तेवढ्यात १८१ किलोंची गाडी माझ्या हातात राहिली नाही. आणि पडली तीही किती सावकाश! ‘पडतेय, पडतेय’ असं दोनदा ओरडायलाही मला सवड मिळाली.

क्लचचा लिव्हर मधोमध तुटला. गिअरचा दांडा आत वाकून इंजिनच्या कव्हरला चिकटला. आरसा आभाळाकडे बघत होता. कव्हरवर बोटभर लांब ओरखडा. मला स्वतःला काही झालं नव्हतं, पण पहिल्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत आल्या होत्या आणि ते जास्त लागलं.

मी एकोणचाळीस वर्षांची, त्यातली सतरा वर्षं स्कूटरवर काढलेली. स्कार्फ बांधून, पायाशी भाजीची पिशवी ठेवून सगळं पुणे पालथं घातलंय, पण गिअरची गाडी राहूनच गेली होती. शेवटी रॉयल एनफील्डची हंटर ३५० घेतली. तिच्या घराण्यात ती त्यातल्या त्यात हलकी आणि आटोपशीर. अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर आणि दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, असलेली निवडली. तरी माझ्या अ‍ॅक्टिव्हापेक्षा सत्तर किलोंहून अधिक जड. सीटची उंची जवळपास ८०० मिलिमीटर आणि माझी पाच फूट दोन इंच, त्यामुळे दोन्ही पायांचे चवडे टेकायचे, टाचा नाहीत. सपाट रस्त्यावर काही वाटत नाही. पण पुण्यात सपाट रस्ता सलग किती मिळतो?

शोरूममध्ये अ‍ॅक्सेसरीजची यादी पुढे आली तेव्हा मी टाकीवरचा पॅड घेतला, हेडलाइटची जाळी घेतली, शिवणीचं सीट कव्हर घेतलं, एक टीचभर विंडशील्डही घेतली. इंजिनच्या दोन्ही बाजूंना बसतो त्या लोखंडी लेग गार्डला मात्र नाही म्हटलं. ‘नको, गाडी म्हशीसारखी दिसते त्यानं,’ हे माझे शब्द. डिलिव्हरीसाठी सासवडहून आलेले बाबा शेजारीच उभे होते. त्यांनी वीस वर्षं राजदूत चालवली, पुढे जाडजूड लेग गार्ड आणि त्याला लाल-पिवळी नायलॉनची दोरी घट्ट गुंडाळलेली. ते काही बोलले नाहीत, फक्त खिशातला पेढा काढून तोंडात टाकला.

तर चौथ्या दिवशी, अर्ध्या लिव्हरवर दोन बोटांनी क्लच दाबत, मी नाना पेठेत पोचले. दुचाकीचं काहीही हवं असलं की पुणेकर तिथे जातात. गल्लीतल्या एका मेस्त्रींनी गाडीभोवती चक्कर मारली आणि विचारलं, ‘ताई, उभी असतानाच पडली ना?’ मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाले, चालती पडली असती तर ओरखडा लांब असता आणि तुम्ही अशा हसत आला नसता.

त्यांनी नवा लिव्हर काढला आणि तो बसवण्याआधी एक गोष्ट दाखवली. लिव्हर ज्या पकडीत बसतो ती हँडलच्या नळीवर बोल्टनं आवळलेली असते. माझी इतकी घट्ट होती की जमिनीचा सगळा मार लिव्हरनं खाल्ला. त्यांनी पकड सोडवली, नळाच्या आट्यांना गुंडाळतात त्या पांढऱ्या पट्टीचे हँडलवर दोन वेढे दिले, वर पकड बसवली आणि बोल्ट एवढाच आवळला की रोजच्या वापरात ती हलणार नाही, पण तळहातानं जोरात ढकललं तर फिरेल. ‘आता पडली तर लिव्हर तुटायच्या ऐवजी वर फिरेल. तुम्ही खाली ओढायचा आणि घरी जायचं.’ ब्रेकच्या बाजूला मात्र त्यांनी असलं काही केलं नाही. तिथे ऑइलची टाकी आणि नळी असते, ती बाजू घट्टच हवी, हे त्यांचं म्हणणं. एक जादा क्लच लिव्हर चिंधीत गुंडाळून बाजूच्या कव्हरात ठेवायला दिला. हे सगळं मिळून मी टाकीच्या पॅडला मोजले त्यापेक्षा कमी पैशांत झालं.

मग गार्ड. त्यांनी दोन प्रकार पुढे ठेवले. एक चकचकीत, रुंद, नुसत्या क्लॅम्पनं फ्रेमला धरणारा. दुसरा काळा, बेताचा, इंजिन ज्या बोल्टांवर टांगलेलं असतं त्याच बोल्टांत बसणारा. क्लॅम्पवाला पडल्यावर सरकतो आणि जे वाचवायचं त्यावरच जाऊन आदळतो. आणि फार रुंद गार्ड वळणात गाडी कलली की रस्त्याला टेकू शकतो, शिवाय पार्किंगमध्ये शेजारच्या स्कूटरला बोचकारतो. काळा घेतला, तीन हजारांच्या आत. बसवताना इंजिनचे बोल्ट एकदम सगळे न काढता एकेक बाजू केली आणि शेवटी मापाच्या पान्यानं, ठरलेला जोर लागल्यावर तो ‘टक्’ वाजेपर्यंत, आवळले. बोल्ट झटक्यात आवळणाऱ्या हवेच्या गनला मी हात लावू दिला नाही याचं त्यांना थोडं वाईट वाटलं असावं.

घरी येऊन मी माझी भर घातली. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर लाल नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढली. बोल्ट ढिला झाला की रेघ तुटते. दोनतीनशे किलोमीटरनंतर पाहिलं तर उजवीकडच्या एका बोल्टची रेघ जरा सरकली होती. पुन्हा आवळला. ती बाटली आता ड्रेसिंग टेबलवर नसते, पान्यांच्या डब्यात असते.

दुसऱ्यांदा पडले ती खडकवासल्याला. कणसं खाऊन निघाले होते, चढावर यू टर्न घ्यायला गेले, हँडल पूर्ण वळलेलं, पुढून टेम्पो आला आणि मी पुढचा ब्रेक दाबला. हँडल वळलेलं असताना, एवढ्या कमी वेगात, पुढचा ब्रेक म्हणजे गाडीला हातानं आडवं करणं. पुन्हा डावी बाजू. या वेळी गाडी गार्ड आणि फुटरेस्टवर तोलून तिरकी पडली, पूर्ण झोपली नाही. लिव्हर वर फिरला होता, तो खाली ओढला. गिअरचा दांडा सरळ. गार्डच्या खालच्या कोपऱ्याचा काळा रंग रुपयाएवढा गेला. मुख्य म्हणजे माझा पाय. गार्ड आणि फुटरेस्ट यांच्यामध्ये जो त्रिकोण उरतो त्यात तो होता, गाडीखाली नाही. गार्ड चार किलोमीटरच्या वेगातल्या पडण्यापासून वाचवतो. कुणी त्याच्या भरवशावर साठनं आत घुसणार असेल तर ते लोखंड काही करू शकत नाही.

उचलायचं तंत्र तोवर शिकले होते. चावी बंद, गाडी पहिल्या गिअरमध्ये म्हणजे ती पळत नाही. हँडल एका बाजूला पूर्ण वळवायचं. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, कंबरेचा खालचा भाग सीटला टेकवायचा, एक हात खालच्या मुठीला, दुसरा मागच्या दांड्याला, आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकायची. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवायचा, नाहीतर उचलण्याच्या भरात ती पलीकडे जाते. कणीसवाले मामा मदतीला उठले होते, मी निम्म्यात आल्यावर परत बसले.

तिसरी वेळ माझी मानतच नाही. पानशेतजवळ, पावसाळ्यात, मुरमाच्या कडेला गाडी साइड स्टँडवर लावून मी चहा पीत होते आणि स्टँड हळूहळू जमिनीत गेला. चहा अर्धा असताना गाडी आडवी. आता स्टँडच्या टोकाला बसणारी रुंद चकती लावलीय. ती मिळेपर्यंत दूधपावडरचा पत्र्याचा डबा चेपून, दोरी बांधून बरोबर ठेवला होता. तोही तितकाच चालतो आणि निघताना दोरीनं वर ओढता येतो.

मधल्या काळात उंचीचं पाहिलं. गाडीच खाली बसवण्याचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. पण त्यानं स्पीडब्रेकरला पोट घासतं, साइड स्टँडवर गाडी जास्त उभी राहते आणि मग उलट्या बाजूला पडते. मागच्या स्प्रिंगचा ताण सगळ्यात मऊ खाचेवर आणला, म्हणजे बसल्यावर ती जरा अधिक दबते. आणि ते हौसेनं घेतलेलं जाड सीट कव्हर काढून फेकलं. सीटवाल्याकडून मूळ फोम मांड्यांपाशी दोन्ही बाजूंनी तासून घेतला. उंची तीच, पण पुढून सीट अरुंद झाल्यामुळे पाय सरळ खाली जातात. टाचा आजही पूर्ण टेकत नाहीत, पण चवड्यावर भार येतो. मधला फोम तासू दिला नाही, तो कमी केला की दोन तासांत खालचं प्लास्टिक टोचतं. जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट घेतले, त्यांनीही अर्धा इंच दिला.

चौथी वेळ खरी. बोपदेव घाटानं सासवडला निघाले होते, बाबांकडे. वळणावर खडी पसरलेली. ती दिसली तेव्हा मी कललेली होते आणि हातानं आपोआप ब्रेक दाबला. एबीएस चाक जाम होऊ देत नाही हे खरं, पण कललेल्या गाडीच्या चाकाखाली खडीच असेल तर ते धरणार कशाला? पंचवीसेक किलोमीटरचा वेग असेल. गाडी उजव्या अंगावर घसरत गेली, मी तिच्या मागे, तळहातांवर.

त्या दिवशी हातात असलेल्या मोज्यांतला उजवा मी टाकला नाही. करंगळीखाली प्लास्टिकची कडक पट्टी आहे, तिच्यावर बारीक खडीच्या चरांच्या सात-आठ समांतर रेघा आहेत, आणि पट्टी संपते तिथे चामडं कागदासारखं पातळ झालंय. खालची कातडी शाबूत. पडताना माणूस हातच पुढे करतो, आणि हे मोजे मी घेतले ते सगळ्यात शेवटी, तेही ‘पुण्याच्या उन्हात कोण घालणार’ असं म्हणत. हेल्मेट त्याआधी बदललं होतं. स्कूटरवरचं अर्धं, हनुवटी उघडी ठेवणारं, वॉचमनच्या मुलालासुद्धा दिलं नाही, मोडून टाकलं. नवं पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआयच्या आयएस ४१५१ चा शिक्का असलेलं, पहिले काही दिवस गाल दाबणारं. त्याच्या हनुवटीवर त्या दिवशीचा एक पुसट पांढरा डाग आहे.

गाडीचं म्हणाल तर गार्डचा उजवा कोपरा घासला, हँडलच्या टोकाचं लोखंडी वजन तिरकं झिजलं, आरसा फुटला. इंजिन आणि सायलेन्सर जसेच्या तसे. विम्याचा दावा केला नाही. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, ती आरशाच्या किमतीत घालवण्यात अर्थ नव्हता. 

काही गोष्टी मुद्दाम केल्या नाहीत. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर नाही, वायरिंग कापून लावलेले डोळे दिपवणारे दिवे नाहीत. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहेच, शिवाय कापलेल्या वायरीमुळे वॉरंटीचा वाद आपण होऊन ओढवून घ्यायचा. साडी गार्डही काढला नाही. ऑफिसातल्या पोरांनी ‘ते काढ, गाडी क्लीन दिसेल’ म्हणून पिच्छा पुरवला. पण मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी आडोशाची सोय नियमातच सांगितलेली आहे, आणि माझी आई नऊवारी नेसून एका बाजूला पाय सोडून बसते. तिचा पदर चाकात जाण्यापेक्षा गाडी ‘क्लीन’ नसलेली बरी.

त्या दिवशी सासवडला पोचले तेव्हा बाबा अंगणात होते. आधी माझे हात उलटसुलट करून पाहिले, मग गाडीभोवती फिरले, घासलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. आत गेले आणि माळ्यावरून नायलॉनच्या दोरीचं जुनं रीळ घेऊन आले, लाल. मी नको नको म्हणत असताना त्यांनी चहा होईस्तोवर दोन्ही बाजूंच्या गार्डला एकाला एक चिकटून वेढे दिले. प्रत्येक वेढा अंगठ्यानं दाबत, शेवटचं टोक काडीनं वितळवून आत खुपसलं.

‘दोरी फाटते, पाइप नाही घासत,’ म्हणाले. ‘आणि पाय टेकवून बसलं तर घसरत नाही.’

गाडी आता खरोखरच म्हशीसारखी दिसते, आणि वर लाल दोरी. परवा उजवीकडचे दोन वेढे उसवले होते, बहुतेक पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटर घासून. टोक मेणबत्तीवर धरून परत चिकटवलं.