मौदा ते आंभोरा कयाकने: नहरीच्या रस्त्याने जाऊ नका

नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, रस्त्याने जाऊ नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा आणि थेट मौद्याच्या पुलाशी पाण्यात उतरा.

आम्ही चौघं होतो. हवा भरायच्या दोन कयाक, दोन दिवस हाती, आणि कन्हान नदीने आंभोऱ्याच्या, वैनगंगेशी होणाऱ्या संगमापर्यंत जायचं ठरलेलं. ज्याच्या सांगण्यावर बेत आखला तो हा प्रवास आधी करून आलेला होता. "मौद्याला कशाला उतरता? चार-पाच किलोमीटर वर जा. नहरीच्या बांधावरून रस्ता आहे, गाडी सरळ घाटावर जाते." त्याने फोटो पाठवले. फोटो खरे होते, पण उन्हाळ्यातले. ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

पहाटे साडेचारला नागपूर सोडलं. पारडी, भंडारा रोड, कन्हानचा पूल, मग डावीकडे गावातून नहरीवर. साडेसहाला गाडीसमोर रस्ता संपला. बांधाला वीस-पंचवीस फुटांचं भगदाड, दोन्ही कडा उभ्या कापल्यासारख्या, आणि खाली शेतांमधून गेलेला राखाडी गाळाचा पट्टा. नहर कोरडी ठक्क. आदल्या दिवशी विचारलं असतं तर कोणीही सांगितलं असतं. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, "परवा रात्री फुटली जी नहर. तुम्ही काहून आले इकडं?"

इथून मागे फिरायला हवं होतं. मौद्याला परत जायला अर्धा तास पुरला असता. पण नदी नकाशावर दीड किलोमीटरही नव्हती, सामान पाठीवर न्यायची आम्हाला सवय आहे, म्हणून चालत निघालो. त्या दीड किलोमीटरला साडेतीन तास लागले. दोन दिवसांत तेवढाच टप्पा वाईट होता, आणि त्याच्यामुळे बाकी सगळ्याची चव गेली.

गाळ वरून वाळलेला दिसतो. पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत जातो आणि काळ्या मातीत पाय अडकला की चप्पल, सँडल, काहीही वर येत नाही. बूट घट्ट बांधलेलेच हवेत. त्याहून वाईट म्हणजे गाळाच्या आत काय आहे ते दिसत नाही. पाण्याने शेतांची कुंपणं उचलून आणली होती: बाभळीच्या फांद्या, काटेरी तार, डुकरांसाठी लावलेल्या झटक्याच्या तारा. आमच्या एका कयाकला तिथेच दोन भोकं पडली. पॅच किट होतं म्हणून निभावलं. वाटेतल्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, धान लोंबीवर आलेलं होतं. काही बांध्या पूर्ण आडव्या, लोंब्यांवर गाळाचा थर. लोकांच्या नुकसानीतून आपण सहलीचं सामान घेऊन चाललोय, ही लाज मला अजून टोचते. धानात पाय टाकू नका. धुऱ्यावरून जा, लांब पडलं तरी.

मध्येच एक ट्रॅक्टरवाला भेटला. सामान नदीपर्यंत पोचवायचे त्याने 2,000 रुपये सांगितले, आगाऊ. दमलेलो होतो, दिले. चारशे मीटरवर ट्रॅक्टर रुतला आणि सामान परत आमच्या पाठीवर. पैसे परत मिळाले नाहीत. त्या भागात तसल्या फेरीचे चारशे-पाचशे फार झाले, असं गावातल्याच दोघांनी नंतर सांगितलं. आधी ठरवा आणि पैसे नदीवर पोचल्यावरच द्या.

नहर कशी फुटली हे आम्हाला तिथल्या पाटकऱ्याने, म्हणजे नहरीचं पाणी सोडणाऱ्या माणसाने, दाखवलं. तो भगदाडाशी वाळूच्या गोण्या मोजत बसला होता. रामटेक-मौदा पट्ट्यातल्या धानाला पेंच नदीवरच्या नवेगाव खैरी धरणाच्या डाव्या कालव्याचं पाणी मिळतं आणि ऑक्टोबरात शेवटच्या पाण्याला नहरी काठोकाठ चालतात. बांधात घुशींची आणि खेकड्यांची बिळं असतात. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, त्या भेगा वरून बुजल्या तरी आत राहतात. बांधाखालून एखादा पाइप गेलेला असेल तर पाणी त्या पाइपाच्या अंगाने वाट काढतं. पहिल्यांदा बांधाच्या बाहेरच्या पायथ्याशी नुसती ओल दिसते. झिरपणारं पाणी स्वच्छ असेल तोवर वेळ असतो. ते गढूळ झालं म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहून यायला लागली. मग तासाभरात सगळं जातं. वरचं दार बंद केलं तरी नहरीत आधीच असलेलं पाणी कितीतरी वेळ येतच राहतं.

हे तुमच्याही कामाचं आहे, कारण रिकामी नहर बघून आत उतरायचा मोह होतो. सपाट तळ, सावली, चालायला सोपं. आम्हीही उतरलो होतो. पाटकऱ्याने ओरडून वर काढलं. भरलेली नहर एकदम रिकामी झाली की आतल्या बाजूचा पाण्याचा टेकू जातो, माती मात्र पाण्याने जड असते, आणि बांध आत ढासळतो. आम्ही वर आल्यावर वीसेक मिनिटांनी समोरच्या काठाचा खोलीएवढा तुकडा आवाज न करता खाली बसला. भगदाडाच्या कडेवर उभं राहून फोटो काढू नका. पंधरा पावलं लांब राहा. आणि वाहत्या नहरीत तर कयाक कधीच टाकू नका. गेट, सायफन, उभे काँक्रीटचे काठ, बाहेर पडायला जागा नाही. आपली कितीही तयारी असो, नहर नौकाविहाराची जागा नाही.

नदीवर पोचल्यावर त्रास संपेल असं वाटलं होतं. फुटलेलं पाणी ज्या नाल्याने कन्हानमध्ये उतरलं त्या नाल्याच्या तोंडाशी अर्ध्या पात्रापर्यंत गाळाची जीभ पसरली होती. वरून चार बोटं पाणी, खाली दलदल. कयाक रुतते, उतरलात तर तुम्ही रुतता. डाव्या काठाने जाऊच नका, पलीकडच्या काठाला चिकटून जा. तिथे आम्हाला दोन डोंगे दिसले, गाळात तिरके बसलेले, आणि एक ढिवर (मासेमार) काकाजी फावड्याने त्यांच्याभोवतीची माती काढत होते. रात्री नाल्याचं पाणी आलं तेव्हा डोंगे काठाला बांधलेले, त्यांच्यावरच गाळ बसला. नदीत लावलेली जाळी कचऱ्यासकट ओढली गेली. गावाच्या तलावात मासेमारांच्या सोसायटीने पावसाळ्यात टाकलेली बोटुकली, म्हणजे माशांची पिल्लं, होती. नहरीचं पाणी तलावात शिरलं, सांडव्यावरून बाहेर पडलं आणि मासोळी त्याच्याबरोबर गेली. पंचनामा धानाचा होतो, जाळ्याचा कोण करतं, असं ते म्हणाले. आमच्यापैकी दोघांनी तासभर फावडं चालवलं, एक डोंगा मोकळा झाला. मग त्यांनीच पुढे होऊन आमच्या दोन्ही कयाक दलदलीच्या पार ओढून दिल्या. पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. "पाण्यातल्या माणसाकडून पाण्यातला माणूस पैसे घेत नाही जी."

2019 च्या जुलैत पेंचवरचं तोतलाडोह धरण आटलं आणि नागपूरला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं, ते दिवस माझ्या घरी कोणी विसरलेलं नाही. त्याच पेंचचं पाणी नाल्यातून असं वाया गेलेलं पाहून त्या रात्री तंबूत झोप आली नाही.

मौद्याच्या खालचा टप्पा सोपा आहे. वाळूची बेटं, बगळे, खंड्या, मुक्कामाला भरपूर जागा. ऑक्टोबरात पाणी पुरतं, डिसेंबरनंतर कयाक ओढावी लागेल. दुसरा दिवस सुंदर गेला, त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही.

फक्त एक: नाग नदी कन्हानला मिळते त्याच्या खाली पाण्यात हात घालू नका. आपल्या नागपूरचं सांडपाणी तिथे येतं, वास आधी कळतो. तोंड धुणं, भांडी, सगळं त्याच्या वरच उरका आणि पिण्याचं पाणी दोन्ही दिवसांचं नागपुराहून न्या. आम्ही माणशी आठ लिटर नेलं होतं, पहिल्या दिवसाच्या पायपिटीने ते कमी पडलं. दहा न्या. पुढे गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी मागे पसरलेलं आहे. तिथे प्रवाह थांबतो, जलपर्णीचे पट्टे लागतात आणि दुपारी समोरून वारा. सकाळी दहाच्या आत तो भाग पार करा. आंभोऱ्याचा नवा केबलचा पूल लांबूनच दिसतो, पण दिसल्यावरही दीड तास वल्हवावं लागतं. दमलेल्या माणसाला त्या पुलाचा राग येतो. पोचल्यावर मात्र चैतन्येश्वराच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून मी रडलो, हेही सांगतो.

गाडी परत आणायची सोय आधीच करा. आमचा मित्र गाडी फिरवून आंभोऱ्याला घेऊन आला म्हणून बरं.

नहरीच्या बाजूने कुठेही जायचं असेल तर आदल्या दिवशी गावातल्या कोणाला तरी फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: नहर चालू आहे का, आणि बांधावरून आज गाडी गेली का. दुसऱ्याचं उत्तर "जात असेल" असं आलं तर जाऊ नका. पाटकऱ्याच्या अंदाजाने जेसीबी आला तरी भराव बसायला पंधरा दिवस लागतील, आणि ओल्या भरावावर गाडी घालणं म्हणजे परत भगदाड पाडणं.

आणखी एक काम आहे. काकाजींची जाळी वाहून गेलीत. तरंगण्यासाठी त्यांनी हिरव्या स्लिपरचे गोल तुकडे कापून बांधलेत, लांबून ओळखू येतात. जाळ्याचा एक तुकडा आम्हाला नाग नदीच्या अलीकडे उजव्या काठाला बाभळीत अडकलेला सापडला. तो सोडवून, गुंडाळून त्याच बाभळीच्या वरच्या फांदीला बांधला आहे, खाली वाळूत वल्ह्याची तुटलेली दांडी उभी केली आहे. तुम्ही मौद्याहून निघाल तेव्हा काठांवर लक्ष ठेवा. जाळं सापडलं तर कापू नका. सोडवा, आंभोऱ्याच्या घाटावर डोंगेवाल्यांकडे द्या आणि मौद्याच्या वरच्या, नहर फुटली त्या गावच्या ढिवरांचं आहे असं सांगा. ते पोचवतात.