लोनाडच्या टाक्यात झिंगा शोधताना

नाद वाईट. स्टॅनली केंप आणि बी. चोप्रा या प्राणिशास्त्रज्ञांनी 1922 साली मेघालयात, गारो टेकड्यांतल्या सिजू गुहेत शिरून तिथला प्राणी न् प्राणी टिपला. त्याबद्दल वाचलं आणि डोक्यात किडा वळवळायला लागला. त्या गुहेतल्या पाण्यात सापडलेल्या झिंग्याचं वर्णन केंपने 1924 मध्ये छापलं. त्याचं आजचं शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम कॅव्हर्निकोला. आता गारो टेकड्या आमच्यापासून लांब, पण लेणी काय ठाण्यातही आहेत. म्हटलं, बघू तरी.

रविवारी सकाळी माजिवड्याहून स्कूटर काढली. मागे भाचा, त्याच्याकडे टॉर्च. माणकोली, रांजणोली, मग सोनाळ्याला हायवे सोडला. दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं, कंटेनरांची धूळ आणि मध्येच एखादं भाताचं खाचर, कापणीला आलेलं. लोनाडचं लेणं टेकडीच्या अंगाला आहे. आत खंडेश्वरी देवी, बाहेर राजदरबाराचा कोरीव पट. तो बघण्यातच माझा अर्धा तास गेला. भाच्याने दोनदा आठवण केली, "मामा, झिंगा!"

टाक्यापाशी पालथा पडलो. टॉर्चच्या उजेडात वरच्या थरात डासांच्या अळ्या माना टाकत होत्या. खाली कुजलेलं पिंपळपान, त्याच्या नुसत्या शिरा उरलेल्या. कडेला एक बेडूक, आमच्याकडे साफ दुर्लक्ष करून बसलेला. आणखी वाकलो तर चष्मा पाण्यात. मग काठीने तो काढण्यात दहा मिनिटं गेली. नजर अधू असली की जगणं कसं होतं त्याचा थोडा अंदाज आला.

लाकडाची मोळी घेऊन उतरणाऱ्या एक मावशी थांबल्या. "काय हरवलं?"

"कोळंबी शोधतोय, मावशी."

"हितं कनची कोलंबी? खाडीन जावा!"

मावशींचं बरोबर होतं, आणि त्याचं कारण मी पालथा पडलो होतो त्या दगडातच होतं. आपला कातळ बेसाल्टचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो पाण्यात विरघळत नाही. सिजूचा दगड चुनखडीचा. पावसाचं किंचित आंबट पाणी त्याला पोखरत जातं. त्यातून किलोमीटरच्या किलोमीटर भुयारं तयार होतात, ओढे त्यांत गडप होतात, पालापाचोळा वाहून येतो, वटवाघळांची विष्ठा पडते. झिंग्याला खायला मिळतं आणि पाणीही आटत नाही. आपली लेणी मात्र छिन्नीने खोदलेली. टाक्यात साठतं ते पावसाचं पाणी, त्याला खालून कुठल्या भुयाराची वाट नाही. नुसता अंधार असून भागत नाही. झिंगा आत शिरणार कुठून?

म्हणून या मंडळींच्या वस्तीचा नकाशा काढायचा तर तो दगडाच्याच रेषांवरून जातो. अमेरिकेतल्या केंटकीचा गुहेतला झिंगा बघा. रंग नाही, डोळे नावापुरते, आणि त्याचं राज्य फक्त मॅमथ केव्हच्या परिसरातल्या भूगर्भातल्या पाण्यापुरतं. 1983 मध्ये तो तिथल्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. इतका छोटा मुलूख, त्यात वर कुणी सांडपाणी सोडलं की थेट त्याच्या घरात. आपण खातो तो गोड्या पाण्यातला मोठा झिंगा याच्या अगदी उलटा: वाढतो नदीत, पण त्याच्या पिल्लांना सुरुवातीला खाडीचं मचूळ पाणी लागतं. एवढी भटकंती ज्याच्या अंगात, तो लांबवर पसरणारच.

केरळात मात्र चुनखडी नसून जांभा दगड आहे, तरी कोट्टायमकडच्या विहिरींतून आंधळे मासे वर येतात. 1950 मध्ये त्यातल्या एकाचं नामकरण झालं, होराग्लॅनिस कृष्णाई. सच्छिद्र जांभ्यात पाण्याला फिरायला जागा असते. हे भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग पुढच्या सुट्टीत कोकणातल्या विहिरी!" जांभा तिकडेही आहेच.

मावशी अजून तिथेच होत्या. मोळी टेकवून आमचं सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंग चष्मा तरी धुवा. बेडकाचं पानी हाय ते."