दारावर पाटी कशाला?

जूनमध्ये शाळा सुटली की न्यू जर्सीतल्या आमच्या शाळेत एकेक खोली रिकामी करतात, फरशी घासतात आणि तिच्यावर मेणाचा नवा थर चढवतात. त्यामुळे ऑगस्टच्या शेवटी मी कामावर रुजू होते तेव्हा माझी खोली व्हरांड्यात उभी असते. खुर्च्या एकावर एक, कपाट भिंतीकडे तोंड करून, टेबललॅम्प गणिताच्या बाईंच्या ढिगाऱ्यात. मुलं येणार लेबर डेनंतर, सप्टेंबरात. तोवर खोली लावून व्हायला हवी. सहावी ते आठवीच्या मुलांची मी समुपदेशक. सोलापुरात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे दहावीनंतर काय करायचं ते सांगतेस का?" हो म्हणून टाकते. चहाच्या कपावर याहून जास्त सांगायला गेलं की समोरचा आपल्या पुतण्याची कुंडलीच काढून बसतो.

यंदा मात्र माझ्या खोलीच्या आधी दुसरीच खोली लावली गेली. जूनअखेर मी सोलापूरला आले तेव्हा वहिनींच्या शाळेत समुपदेशनासाठी जागा शोधणं चालू होतं. शाळा पूर्व भागातली, मुलींची. निम्म्या पोरींच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळणारी. वहिनी हिंदी शिकवतात. थोडंसं प्रशिक्षण झालं आणि हे खातं त्यांच्या गळ्यात पडलं. मिळालेली खोली म्हणजे नकाशांची अडगळ. बालदिंडीची पुठ्ठ्याची पालखी, टाळ, लेझीम, एक लंगडा बाक आणि कोपऱ्यात युरोपचा असा एक नकाशा की त्यात सोव्हिएत संघ अजून धडधाकट.

मुख्याध्यापिकाबाईंनी एक गोष्ट तेवढ्यात करून घेतली होती. 'समुपदेशन कक्ष' अशी लाल अक्षरांची पाटी रंगवून तयार होती.

मी म्हटलं, "वहिनी, ही पाटी लावू नका."

"अगं, पाटी नसेल तर पोरींना कळणार कसं?"

"आणि पाटी असली तर दारापर्यंत यायचं धाडस कोण करणार?"

वहिनींना ते पटकन पटलं नाही, आणि का पटावं? पाटीचा खर्च झाला होता. पण इतक्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. बारा-तेरा वर्षांचं मूल 'मला त्रास होतोय' म्हणून कुणाच्या खोलीत शिरत नाही. मैत्रिणीने विचारलं तर सांगता येईल असं काहीतरी कारण त्याला हातात लागतं. खोली लावायची म्हणजे ती कारणं मांडून ठेवायची. रंग आणि पोस्टर नंतर.

माझ्याकडचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे कुलूप. इकडे प्राथमिक शाळेत बहुतेक मुलांना लॉकर नसतो, सहावीत पहिल्यांदा मिळतो. आकड्यांचं चक्र असलेलं कुलूप. उजवीकडे फिरवून पहिला आकडा, मग डावीकडे एक पूर्ण फेरी ओलांडून दुसरा, परत उजवीकडे तिसरा. दोन तासांच्या मध्ये जेमतेम काही मिनिटं, मागे आठवीतली धिप्पाड मुलं ताटकळत उभी. सहावीतल्या मुलाला गणिताची, नव्या शिक्षकांची, कशाचीच भीती या कुलपाएवढी वाटत नाही. म्हणून माझ्या टेबलावर सरावाची कुलपं पडलेली असतात, कुणीही यावं आणि फिरवत बसावं. सप्टेंबरात येतात ती खरंच कुलपासाठी. ऑक्टोबरातही ज्यांचं कुलूप 'उघडत नाही', त्यांना मी खुर्ची सरकवून देते.

खुर्च्यांचंही एक शास्त्र आहे. टेबलाच्या पलीकडे बसून बोललं की मुलाला आपण ऑफिसात बोलावलेले आरोपी वाटतो. म्हणून दोन खुर्च्या जराशा तिरप्या. मुलाच्या आणि दाराच्या मध्ये माझी खुर्ची येता कामा नये, त्याला उठून जाता आलं पाहिजे. घड्याळ मुलाच्या पाठीमागच्या भिंतीवर, म्हणजे मनगटाकडे न बघता मला वेळ कळते. टिश्यूचा डबा त्याच्या हाताशी, पण उचलून मी देत नाही. रडणाऱ्याच्या हातात कागद दिला की पुष्कळदा त्याला ऐकू येतं, 'पुरे आता'. वहिनींच्या खोलीत हे सगळं मांडत होतो तेव्हा शाळेचे शिपाईमामा दारात येऊन म्हणाले, "म्याडम, चांगलं सरळ ठेवलेलं टेबल कशाला फिरवायलाव?" त्यांना कारण सांगितलं. ऐकून घेतलं, मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी टेबल पुन्हा सरळ.

माझ्या खोलीत सोलापूर आहे ते खुर्चीवरच्या चादरीपुरतं. खरं तर विणलेलं मोठं वॉल हँगिंग भिंतीवर लावायचं होतं, पण शाळेच्या भिंतीवर कापड किती आणि कसलं लावायचं याला आगीचे नियम आहेत. तपासनीसांनी ते उतरवायला लावलं. चादर मात्र मुलं पांघरून बसतात. वातानुकूलन असं सोडलेलं असतं की ऑगस्टातही हुडहुडी भरावी.

कागदांचं काम मोठं, पण त्यात सांगण्यासारखं थोडं. अमेरिकेतल्या १९७३च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ कलमाखाली ज्या मुलांना सवलती आहेत, मधुमेह असेल, लक्ष टिकत नसेल, त्यांची योजना पहिल्या घंटेआधी प्रत्येक शिक्षकाच्या हाती जायला हवी. नव्याने आलेल्या मुलांची वेळापत्रकं बसवायची असतात. इकडच्या शालेय समुपदेशकांच्या संघटनेच्या मते एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत. देशाची सरासरी त्याच्या वरच आहे. शिवाय न्यू जर्सीत २०११पासून छळवणुकीविरुद्धचा कडक कायदा आहे. तक्रार आली की एका शालेय दिवसात चौकशी सुरू आणि दहा शालेय दिवसांत पुरी करायची. त्यासाठी शाळेत एक माणूस नेमावा लागतो. तो बहुधा आमच्यातलाच.

मुलाला वर्गातून बोलवायचं कसं, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. आमच्याकडे पूर्वी समुपदेशकाची चिठ्ठी वेगळ्या रंगाची असायची. चिठ्ठी दारात दिसली की अख्ख्या वर्गाच्या माना वळायच्या. आता सगळ्या चिठ्ठ्या एकाच रंगाच्या, ग्रंथालयाचीही तीच. वहिनींच्या शाळेत मामा वर्गाच्या दारात उभे राहून खणखणीत आवाजात नाव पुकारतात. त्यावर वहिनींनीच तोडगा काढला. एकीशी बोलायचं असेल तर वह्या उचलायला म्हणून तिघींना बोलवायचं, दोघींना वह्यांसकट परत पाठवायचं. हे मला सुचलं नसतं. हरवलेल्या डब्या-बाटल्यांची पेटी आणि सॅनिटरी पॅडचं कपाटही त्यांनी याच खोलीत आणलं. आता मधल्या सुट्टीत तिथे कोण कशासाठी गेलं हे कुणालाच सांगता येत नाही.

भाषेचा पेच अवघड. मुलीची आई फक्त तेलुगू बोलणारी, वहिनींना तेलुगू येत नाही, मग दुभाषी कोण? मुलगीच. स्वतःबद्दलची तक्रार स्वतःच आईला सांगायची! ती अर्थातच निवडक भाषांतर करते. इकडे अशा वेळी फोनवर दुभाषी मिळतो. तिथे संगीताच्या बाई तेलुगू बोलणाऱ्या, त्यांना वहिनींनी गाठलं. माझी गंमत वेगळीच. गेल्या वर्षी हैदराबादहून आलेल्या एका कुटुंबाशी मी आपलं शेजारपाजारी शिकलेलं तेलुगू बोलले. आईला हसू आवरेना. सोलापुरी तेलुगूत मराठी किती मुरलंय हे त्या दिवशी कळलं. पण ती हसली आणि मग बोलत राहिली, ते बरंच झालं.

भिंतीवर काय लावायचं तर फक्त मदतीचे फोन नंबर, असं आमचं ठरलं. माझ्याकडे ९८८, जीव नकोसा झालेल्यांसाठीचा. वहिनींकडे मुलांसाठी १०९८ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि एक वाक्य, जे आम्ही दोघीही पहिल्याच भेटीत सांगतो: तू सांगशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, कुणी तुला इजा करत असेल, तर मला पुढे सांगावंच लागेल. न्यू जर्सीत अत्याचाराचा संशय आला तरी कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिकडे २०१२च्या पॉक्सो कायद्याचं १९वं कलम लैंगिक अत्याचाराबाबत तेच सांगतं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊन बसलेल्या बाईंची नंतर फार पंचाईत होते, आणि त्या मुलीची त्याहून.

अडलं ते रजिस्टरवर. मुख्याध्यापिकाबाईंना रकाने हवेत: तारीख, नाव, इयत्ता, भेटीचा विषय, सही. इकडे १९७४च्या फेर्पा कायद्याने पालकांना मुलाचं शालेय दप्तर बघायचा हक्क आहे, पण माझ्या आठवणीपुरती माझ्याजवळच ठेवलेली, कुणालाही न दाखवलेली टिपणं त्या दप्तरात धरत नाहीत. ती कुलपात राहतात. वहिनींच्या कपाटाची किल्ली ऑफिसात खिळ्याला टांगलेली. परवाच्या फोनवर कळलं, नावाऐवजी क्रमांक लिहायचे आणि विषयाच्या रकान्यात नुसतं 'चर्चा', इतपत बाईंनी मान्य केलंय. तपासणीला अधिकारी आले आणि क्रमांकांची यादी मागितली तर काय करायचं, यावर दोघींचं अजून जमलेलं नाही.